अर्जदार भागुजी आणि अक्रोडाचं टेबल

टेबल टेम्पोतून खाली उतरलं तेव्हा महाळुंगे पडवळमधली निम्मी आळी जमली होती. सगळ्यांनी ते चारी बाजूंनी फिरून पाहिलं, आणि मग शेजारचे रखमाजी पहिल्यांदा बोलले, "भागू, लगीन कुणाचं काढलंस?"

रखमाजींचं काही चुकलं नव्हतं. असलं कोरीव काम गावाने आजवर फक्त मंडपवाल्याच्या राजाराणी खुर्च्यांवर पाहिलेलं. अक्रोडाचं लाकूड, काकवीच्या रंगाचं. चारही पाय शेळीच्या मागच्या पायांसारखे बाक घेऊन उतरलेले, टोकांना पितळी खूर. कडेकडेने पितळेची पानं, वेली, शिंपले. मधल्या खणाच्या कुलपाभोवती पंखवाल्या गुबगुबीत पोराचं तोंड, तेही उघडं. किल्ली त्याच्या तोंडातच घालायची. वर हिरवं चामडं ताणून बसवलेलं.

"लगीन न्हाई," भागुजी म्हणाले. "यशोधरानं पाठवलंय. लिवायचं टेबल हाय. फ्रेंच."

"म्हंजी फ्रान्सवरनं आलं?"

टेम्पोच्या ड्रायव्हरने खरं ते सांगून टाकलं. "फ्रान्स कुठलं, काका? पुण्याच्या गोडाऊनमधनं आणलंय. ष्टाईल तेवढी फ्रेंच."

पण यातलं पहिलंच नाव लोकांच्या कानांवर पडलं आणि तिथेच बसलं.

टेबल दारातून आत जाईना. आडवं केलं, उभं केलं, उलटं केलं. पायांचा बाक दर वेळी चौकटीला अडकायचा. ड्रायव्हरने पाय सोडवून बघायची तयारी दाखवली, पण त्याच्या हातातली पहार पाहून द्रौपदाबाई मध्ये पडल्या. शेवटी टेबल पडवीतच राहिलं. एका अंगाला शेंगांचं पोतं, दुसऱ्या अंगाला पाण्याचा पिंप आणि मध्ये हे फ्रेंच टेबल.

संध्याकाळी यशोधराचा व्हिडिओ कॉल आला. ती खराडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि बापाबद्दल तिचं मत तिच्या हुद्द्यापेक्षाही मोठं होतं.

"बाबा, चाळीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांचं लिहिलंत. आता या टेबलावर बसून स्वतःचं लिहा. आत्मचरित्र. छापायचं मी बघते."

"बरं," भागुजी म्हणाले. मुलीला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

भागुजी भालेराव, वय वर्षं अडुसष्ट, हे जुन्नरच्या कचेरीपुढे अर्ज लिहून देत. मॅट्रिक झाल्यावर नोकरी मिळेपर्यंत म्हणून ते चांगदेव नावाच्या म्हाताऱ्या अर्जनवीसाजवळ जाऊन बसले, आणि ती मिळेपर्यंतची मुदत चाळीस वर्षं चालली. बसायला गोणपाट, मांडीवर द्राक्षाच्या पेटीची फळी, फळीवर कागद. चांगदेवांनी त्यांना दोनच गोष्टी शिकवल्या. एक, समोरचा माणूस तासभर बोलेल, त्यातल्या पाच ओळीच कागदावर उतरल्या पाहिजेत. दुसरी, त्या पाच ओळींत रडणं येता कामा नये, तारीख आली पाहिजे. भागुजींनी दोन्ही इतक्या मनावर घेतल्या, की घरी जेवताना कालवणात मीठ नसलं तरी ते सांगताना आधी वार सांगत.

अक्षर मोत्यासारखं. साहेब लोकसुद्धा "हा अर्ज भागुजीचा" म्हणून ओळखत. पुढे कॉम्प्युटर आले, छापील फॉर्म आले, मग फॉर्मही मोबाइलमध्ये गेले. गोणपाटावर बसायला लोक येईनात. एके दिवशी भागुजींनी फळी पिशवीत घातली आणि बिऱ्हाड हलवून गावाला आले. त्यांना निरोप द्यायला कुणी नव्हतं, कारण ते नोकरीलाच नव्हते.

तर असे भागुजी दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टेबलाशी बसले. खुर्चीही सोबत आली होती, गादीची. तीवर बसल्यावर त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत. त्यांनी कागद हिरव्या चामड्यावर ठेवला, पेन उघडलं आणि हात पुढे नेला. हात चालेना. चाळीस वर्षं कागद मांडीवर होता. डोळ्यांपासून त्याचं अंतर ठरलेलं, पाठीचा पोक ठरलेला. इथे कागद छातीशी आलेला. 'माझा जन्म' एवढे दोन शब्द झाले, तेही घाटातल्या एसटीसारखे कलंडले.

"झालं का पुस्तक?" द्रौपदाबाईंनी आतून विचारलं. शाळेची खिचडी शिजवण्यात वीस वर्षं काढल्यामुळे कुठल्याही कामाला किती वेळ लागावा, याचा त्यांचा अंदाज पक्का होता.

"जन्म झालाय."

"मग चहा घ्या."

चहा ठेवताना बाईंना टेबलाच्या पायावर बारीक भोकं दिसली. एक नाही, चांगली वीसपंचवीस. "अवो, ह्याला कीड लागलीया!" त्यांनी टोमॅटोवर मारायचं उरलेलं औषध आणलं आणि पिचकारीने एकेका भोकात भरलं. वासाने दोन दिवस पडवीत उभं राहवेना. मग यशोधराने फोनवर खुलासा केला. टेबल नवंच होतं, पण जुनं दिसावं म्हणून कारखान्यात ती भोकं यंत्राने पाडली होती. लोक तसंच मागतात.

"कीड लागल्याली मागत्यात?" द्रौपदाबाई म्हणाल्या.

"लागल्यासारखी दिसणारी, आई."

"आन त्याचं कौतुक?" बाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला. घरात इतकी वर्षं खरीखुरी जुनी ट्रंक होती, तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

भागुजींनी आठवडाभर टेबलाशी झोंबी घेतली आणि मग स्वतःपुरता मार्ग काढला. टेबलाखाली, चार बाकदार पायांच्या मधोमध, भरपूर जागा होती. तिथे त्यांनी गोणपाट अंथरलं, मांडीवर फळी घेतली आणि बसले. डोक्यावर अक्रोडाचं छत, समोर अंगण. हात सुरळीत चालू लागला. फक्त मुलीचा फोन आला की द्रौपदाबाई आतून ओरडत, "वर बसा, वर बसा! यशीचा फोन!" आणि भागुजी गुडघे धरून खुर्चीवर चढत. यशोधरा फोनमधून बघायची, बाप फ्रेंच टेबलाशी पेन घेऊन बसलाय. तिचे डोळे भरून यायचे.

श्रावणात रखमाजींची कालवड बिबट्याने नेली. त्यांच्या नातवाने मोबाइलवरून दोनदा तक्रार टाकली होती. तक्रार मिळाल्याचा नंबरही दोनदा आला होता, पिंजरा काही आला नव्हता. रखमाजी पडवीत येऊन उभे राहिले.

"भागू, एक अर्ज लिव. पण लिवायचा तर ह्या टेबलावर."

"रखमाजी, अर्ज कागदावर लिवत्यात. टेबलाला काय कळतंय?"

"तू वर बस राव. खाली बसून लिवल्यालं लई झालं."

रखमाजींचं आणि भागुजींचं वर-खालीचं गणित जुनं होतं. तरुणपणी रखमाजींच्या घरचा कागद लिहायचा झाला, तर रखमाजी ओट्यावर आणि भागुजी खाली अंगणात, अशी पद्धत होती. ती कुणी घालून दिली हे कुणी विचारलं नाही, आणि भागुजींना ओट्यावर या असंही कुणी म्हटलं नाही. पुढे आत्याच्या जमिनीच्या कामासाठी रखमाजींना जुन्नरला कचेरीपुढे बसावं लागलं. तिथे ओटाच नव्हता. दोघंही जमिनीवर आले आणि तो प्रश्न सुटला. आता भागुजी गादीच्या खुर्चीवर, रखमाजी पाटाएवढ्या स्टुलावर, आणि दोघांनाही ते सारखंच अवघड होत होतं.

रखमाजी अर्धा तास बोलले. कालवड कशी गुणी होती, तिची आई कशी होती, बिबट्या त्यांच्याकडे कसा बघत होता. भागुजींनी पाच ओळी लिहिल्या. कालवडीला एक ओळ दिली. उरलेल्या चार ओळींत बिबट्या दडतो त्या उसाच्या कडेने शाळेची मुलं सकाळी सव्वानऊला जातात, त्यांची संख्या चौदा आहे आणि सर्वांत लहान मुलीचं वय सहा आहे, हे लिहिलं. खाली चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायला सांगितल्या.

चौथ्या दिवशी पिंजरा आला.

खरं तर त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवर बिबट्या घराच्या भिंतीवर बसलेला कुणीतरी मोबाइलमध्ये टिपला होता, आणि ते चित्र नारायणगावपासून जुन्नरपर्यंत घराघरांत फिरलं होतं. त्यामुळे आसपासच्या तीनही गावांना पिंजरे आले. ज्यांनी अर्ज केला नव्हता, त्यांनाही आले. भागुजींनी हे रखमाजींना समजावून सांगितलं.

"असंल," रखमाजी म्हणाले. "पण आपला आधी आला."

"अर्धा तास आधी. आपलं गाव रस्त्यावर हाय म्हणून."

"तेच म्हंतो मी. टेबलात काहीतरी हाय."

दुसऱ्या दिवसापासून रखमाजी त्यांना 'भाऊसाहेब' म्हणू लागले. साठ वर्षं जो 'भागू' होता, तो अक्रोडाच्या टेबलामुळे एका रात्रीत बदलला. भागुजींना हे आवडलं की झोंबलं, ते त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. चाळीस वर्षं त्यांनी वाक्यं घासूनपुसून लावली, कुठला शब्द साहेबाला टोचतो आणि कुठला हलवतो हे शोधलं. त्याचं श्रेय कुणी दिलं नव्हतं. आता श्रेय मिळत होतं ते शेळीच्या पायांना.

लोक येऊ लागले. विजेचा डीपी जळाला, नळाला पाणी नाही, पेन्शन थांबली, नावात काना राहिला. कळंबहून आले, मंचरहून आले. ठकूबाई नावाची एक म्हातारी तर लांबून जीप बदलत आली. तिला सरकारी कागदावर सात वर्षांपूर्वी मयत दाखवलं होतं.

"टेबल ह्योच का?" तिने विचारलं आणि चपला काढून वर आली.

भागुजींनी तिचा अर्ज मनापासून लिहिला. 'मी खाली अंगठा करणार ठकूबाई समक्ष हजर राहून लिहून देते की, मी हयात आहे.' पुढे काय लिहावं हे त्यांनाही सुचेना. याच्याहून भक्कम पुरावा काय देणार? तरी त्यांनी तारीख घातली आणि दोन साक्षीदार घेतले. दीड महिन्याने ठकूबाई जिवंत झाली. पेढे घेऊन आली, भागुजींना एक दिला, द्रौपदाबाईंना एक दिला आणि तिसरा त्या पंखवाल्या पोराच्या उघड्या तोंडात ठेवला. मुंग्या काढायला भागुजींना आठ दिवस लागले.

हात आता टेबलावर वळू लागला होता, कारण खाली बसून लिहायला घेतलं तर लोक हटून बसत. "भाऊसाहेब, वर ठिवून लिवा." द्रौपदाबाईंनी पडवीत सतरंजी टाकली आणि आलेल्यांना नंबर लावून दिले.

सगळ्यांत कमाल पप्पूने केली. पप्पू चौकात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवायचा. ज्यांच्यामुळे भागुजींचा धंदा बसला, त्या जमातीतला. एके दिवशी तो छापील फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला.

"भाऊसाहेब, लिहायचं काय न्हाई. दोन मिनिटं टेबलावर ठेवून नेतो."

"आरं, ह्ये तर तू कॉम्प्युटरमदनं धाडणार. कागद कुणी बघणारबी न्हाई."

"गिऱ्हाईक ऐकत न्हाई ना. फ्रेंच करून आणा म्हंतंय."

त्याने फॉर्म हिरव्या चामड्यावर ठेवले, घड्याळात दोन मिनिटं मोजली, उचलले आणि गेला. मग तो रोज येऊ लागला. भागुजी त्या दोन मिनिटांत पेन मिटून बाजूला बसून राहत.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी यशोधरा न सांगता आली. पडवीत सात माणसं होती. हिरव्या चामड्यावर अंगठ्यांची निळी शाई, चहाच्या ग्लासांची वर्तुळं, खणांत अनोळखी लोकांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स. पितळेच्या वेलीला कुणीतरी पिशवी अडकवली होती. यशोधरा तडक आत गेली. लोक उठून जाईपर्यंत तिने आईच्या हातची भाकरी खाल्ली, तीही रागाने.

मग बाहेर आली. "बाबा, मी हे तुमच्यासाठी घेतलं होतं. तुम्ही परत तेच करताय. दुसऱ्यांचंच लिहिताय."

"माझंबी लिवलंय," भागुजी म्हणाले.

"कुठंय?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. एकच होता, पाठपोट. यशोधरा खुर्चीवर बसली आणि मोठ्याने वाचू लागली.

"प्रति," तिने वाचलं. पुढे टिंबं होती. "विषय: अर्जदाराच्या आयुष्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून मी खाली सही करणार भागुजी रामा भालेराव, वय ६८, धंदा लिखाण, अर्ज सादर करतो की, अर्जदाराचा जन्म वडिलांनी बौद्ध धर्म घेतल्यानंतर चार महिन्यांनी झाला. सबब, जुन्या धर्माचा अर्जदारास व्यक्तिशः अनुभव नाही. मात्र सदर बदल गावास कळण्यास पुढे बरीच वर्षे लागली, त्याचा अनुभव आहे."

यशोधराला हसू आलं. तिने ते दाबलं आणि पुढे वाचलं.

"सन १९७२ साली अर्जदार आईसोबत दुष्काळी कामावर जात असे व तिथे मिळालेली सुकडी वाटेतच संपवत असे. आईच्या वाट्याची सुद्धा. आईने याबाबत कधीही तक्रार केली नाही."

पुढची ओळ वाचताना तिचा आवाज खाली गेला होता. शिक्षण झालं, चांगदेव झाले, कचेरी एका वाक्यात आटोपली.

"सन १९८१ साली अर्जदाराचा विवाह द्रौपदा हिच्याशी झाला. त्याबाबत काही म्हणणे नाही."

आत भांडं आपटल्याचा आवाज झाला.

"तरी वरील बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन योग्य तो आदेश व्हावा, ही विनंती." यशोधराने कागद खाली ठेवला. "बाबा, कसला आदेश? आणि हे 'प्रति'च्या पुढे कोण?"

"तिथंच अडलंय बघ," भागुजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी अडचण होती. "आजवर ज्याला अर्ज करायचा त्यो साहेब ठरल्याला असायचा. तहसीलदार, नायतर बँकेचा मॅनेजर. आपलं गाऱ्हाणं नेमकं कुणाकडं न्यायचं ते म्हाईत असल्याशिवाय पुढचं येत न्हाई, बाळा. ह्ये सगळं वाचणार कोण?"

यशोधरा 'वाचक' असं म्हणणार होती, पण बापाच्या तोंडाकडे बघून ते तिला फार पोकळ वाटलं.

तेवढ्यात द्रौपदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "म्हणणं न्हाई?" त्यांनी विचारलं. "चव्वेचाळीस वर्षं झाली. काय म्हणणं न्हाई?"

"तसं न्हवं. अर्जात तक्रार नसली की तसं लिवत्यात."

"आन माझं म्हणणं आसंल तर? यशी झाली तवा नारायणगावच्या दवाखान्यात तुमी कसं आलाता, ते कुठंय ह्यात?"

"कसा आलो?"

"शाईची बाटली पिशवीत सांडून. दोनी हात निळे. तसल्या हातानं पोरीला उचललीत आन तिच्या पाठीवर पाची बोटं उठली. नर्सबाई म्हणाली, लेकराला काळंनिळं कुणी केलं? निम्मा दवाखाना गोळा झालाता. आन तुमी तिथं उभं राहून रडलात."

हे यशोधराला कुणी कधी सांगितलं नव्हतं. भागुजी चाचरले. "ते... ते अर्जात बसत न्हाई."

"मग अर्ज बाद," द्रौपदाबाई म्हणाल्या. "दुरुस्त करून आणा." आणि आत गेल्या.

भागुजींनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. आयुष्यात त्यांनी हजारो अर्ज लिहिले, पण अर्ज नामंजूर झाल्यावर इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी नवा कागद घेतला, आणि 'प्रति'च्या पुढे टिंबांच्या जागी लिहिलं, 'सौ. द्रौपदा भागुजी भालेराव, यांचे सेवेशी.'

यशोधरा दोन दिवस राहिली. गेल्यावर चामडं पुसायचं औषध पुण्याहून पाठवून दिलं. पडवीतला दरबार सकाळी दहा ते एक चालतो. पप्पूची दोन मिनिटंही चालू आहेत. पण त्याआधी, सात वाजता, भागुजी स्वयंपाकघरात चुलीच्या अंगाला गोणपाटावर बसतात, मांडीवर फळी घेतात आणि आदल्या दिवसाचं लिखाण वाचून दाखवतात. द्रौपदाबाई भाकरी थापता थापता ऐकतात. कुठे तारखेच्या आड लपलेलं काही सापडलं की हात वर करतात. मग ते पान परत लिहावं लागतं. एकदा चांगदेवांच्या मरणाचं पान चार वेळा परत आलं. "तुमी त्यांच्या घरी गेला व्हता का न्हाई, ते सरळ लिवा," बाई म्हणाल्या. भागुजी गेले नव्हते. ते लिहायला त्यांना आठ दिवस लागले.

आतापर्यंत त्रेसष्ट पानं मंजूर झाली आहेत. छापायचं कधी, असं यशोधरा फोनवर विचारते, तेव्हा बाई सांगतात की प्रकरण अजून त्यांच्या नजरेखाली आहे, घाई करू नये. सध्या काम १९९४ सालापाशी थांबलंय. त्या साली जुन्नरचं बिऱ्हाड बदलायचा आग्रह कुणाचा होता, यावर अर्जदार आणि साहेब यांचं अजून एकमत झालेलं नाही.